गोठ्यातला इंग्रजी शब्द
मंडळी, आज मी एका इंग्रजी शिवीच्या उगमाविषयी अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. इंदापूरच्या रस्त्यावर शेणाने भरलेली ट्रॉली पुढे आली, की तो वास मला थेट पिंपळीतल्या मावसभावाच्या गोठ्यात नेतो. त्याचं घर बघायला बारामतीहून मुलीसकट तिच्याकडची मंडळी आली होती. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेना, म्हणून घरातले सगळे मनातून धास्तावलेले. चहाआधी पाहुण्यांना गाई दाखवायच्या, ही तिथली रीत. नवी साडी सावरत मुलगी गव्हाणीपाशी गेली, पातळ शेणात तिचा पाय घोट्यापर्यंत बुडाला आणि तोंडून खणखणीत ‘शिट!’ निघालं. तिच्या वडिलांचा चेहरा उतरला, मावसभाऊ गाईच्या आड सरकला. शिवराळ सून उंबऱ्याच्या आत घेणार नाही, असं येता-जाता बजावणाऱ्या त्याच्या वडिलांनी, आबांनी विचारलं, “काय म्हणली ती? शिवी दिली का?” मी घसा खाकरून पुढे झालो. “आबा, लई जुना शब्द हाय. हजार वर्सांमागं तिकडचे शेतकरी जनावराच्या हगवणीला हेच म्हणायचे. शिवी त्याची मागनं झाली.” वाचनातून आलेलं माझं हे ज्ञान आयुष्यात तेवढं एकदाच कामी आलं. आबा वाकले, तिच्या पायाच्या पातळ शेणाकडे बघत राहिले आणि एकदम मावसभावावर ओरडले, “आरं, रोज गाय पिळतोस, तुला कळलं न्हाय आन् पोरीनं पाय ठेवताच वळखलं! डाक्टरला बोलीव, आन् हिला सोडू नगंस!”