व्हीएचएफच्या स्पर्धेत बांबू कोण धरतं?

मंडळी, आवाज येतोय ना? हिंगणीहून बोलतोय. आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या या हवेवरच्या कट्ट्यावर आज दुपारचं सांगितल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नाही.

एचएफची, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींची स्पर्धा आपण सगळेच खेळतो; जितक्या जणांशी बोलणं, तितके गुण. कडुनिंबाला तार टांगली की जपान-इटली आपोआप घरात. तिथं भीती आवाजांच्या गर्दीत चेंगरण्याची. आज लढाईच्या भंगारातून जुळवलेला सेट घेऊन पहिल्यांदा व्हीएचएफच्या, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या स्पर्धेत उतरलो. इथं भीती शांततेची.

जवळपास दुसरा व्हीएचएफ सेट एकच, रोहण्याच्या भाऊसाहेबांचा. दोघांची एरियलं समोरासमोर आली तरच बोलणं. अंगणात माझी बायको बांबूवरचं एरियल फिरवत होती, आत मी सेटवर भाऊसाहेबांना हाका मारत होतो. उत्तर नाही, नुसती खरखर. स्पर्धा संपत आली आणि गुण शून्य!

"फिरव ना! काऊन थांबली?" मी खिडकीतून ओरडलो.

"माये हात भरून आले. मी नाई फिरवत आता!" ती बांबू घट्ट धरून तशीच उभी राहिली.

मी तणतणत बाहेर निघालो, तोच मागून सेटवर भाऊसाहेबांचा आवाज आला. स्वच्छ! घाईघाईनं गुणासाठी लागणारे एकमेकांचे स्पर्धेतले नंबर घेतले आणि वेळ संपली.

मग ते म्हणाले, "मी बी मघापासून एरियल फिरवूनच राह्यलो होतो. आपली चुकामूक होत होती. तुम्ही थांबले म्हणून सापडले."

मंडळी, थांबलो मी नव्हतो. गुण मात्र माझ्या नावावर लागला.

तुमच्याकडे बांबू कोण धरतं?