आत्याला काय चालत नाही

हॉटेलात शिरताना जगातली सगळी माणसं काय खायचं याचा विचार करतात. माझी आत्या तेवढी काय खायचं नाही हे ठरवून शिरते, आणि तेही स्वतःपुरतं नव्हे, टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकासाठी. कोथरूडमधल्या तिच्या घरापासून चालत जाता येईल अशा प्रत्येक हॉटेलातले वेटर तिला ओळखतात आणि ती दारात दिसली की एकमेकांना पुढे ढकलतात. मेनूकार्ड ती हातात घेते ते फक्त पालथं घालण्यासाठी. मग प्रत्येकाकडे एकदा निवांत पाहते, चेहऱ्याकडे नव्हे, गळ्याच्या जरा खाली, घास जिथून उतरतो तिथे, आणि सांगायला लागते, "याला डाळ चालेल, पण वरून फोडणी ओतू नका. हिच्या भाजीत टोमॅटो नको. माझ्या ताटात तेल दिसलं तर ताट परत येईल." एकदा एका नव्या वेटरनं मध्येच विचारलं, "आजी, मग जैन देऊ का?" आत्या म्हणाली, "मी कोण ते विचारू नका. काय नको ते ऐका."

आम्ही हसायचो. ते हसणं कमी झालं लोणच्यामुळे. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एकटेच जेवत होते. वेटर त्यांना लोणचं वाढायला वाकला, तशी आत्या आपल्या जागेवरूनच म्हणाली, "त्यांना नको. त्यांना मीठ चालत नाही." गृहस्थ चांगलेच उखडले. "अहो बाई, आपली काही ओळख?" "माझी नाही. मिठाची होईल." त्यांनी रागारागानं दोनदा लोणचं मागून घेतलं. पुढे बरेच दिवस ते दिसले नाहीत. दिसले तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान सैल फिरत होती. ते सरळ आमच्यापाशी आले, हात जोडून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आज आमटी घेऊ का?" आत्यानं पाहिलं. "अर्धी वाटी," ती म्हणाली, जणू हे रोजचंच होतं. नंतर मी विचारलं तेव्हा तिनं हात झटकले. "मला काही कळत नाही रे. तोंडात येतं, ते मी बोलते."

माझ्या बायकोला तर तिनं फार छळलं. वांगं नको, ताक नको, आइस्क्रीमचं नावही नको. बायको बिचारी आमच्या ताटांत बघत जेवायची. आणि एका दुपारी, तिच्या जेवणाचं सांगायची वेळ आली तेव्हा, आत्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वेटरकडे न बघता म्हणाली, "हिला सगळं चालेल." बायकोनं टाळीच वाजवली. "अहो आत्या, नक्की ना? मग आज मी सगळं वसूल करते!" तिनं बटाटेवडे मागवले, मसालेभात मागवला, बासुंदी मागवली आणि माझ्या वाटीतली बासुंदीही संपवली. तेव्हा तिला साधा खोकलासुद्धा नव्हता. त्या दिवशी आत्या जेवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या जिन्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता पथ्य सोडा. त्यांना हवं ते द्या. सगळं चालेल." तेच शब्द. आवाजही, मला वाटलं, तोच.

आत्याला मी याबद्दल कधी विचारलं नाही, तिनंही कधी विषय काढला नाही. बायको गेल्यापासून ती दर रविवारी मला जेवायला घेऊन जाते, आणि तिची नजर माझ्याकडे वळली की माझे कान त्या दोन शब्दांची वाट बघतात. भीतीनं, असं म्हणायला हवं. पण घरी जाऊन कुलूप मीच उघडणार आहे हे आठवलं की ती भीतीच आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. "याला साखर नको," आत्या म्हणते. "मैदा नको. पापड भाजलेलासुद्धा नको." तिच्या प्रत्येक नकारासरशी मला आणखी थोडं जगावं लागतं.

गेल्या रविवारी तिनं माझं सगळं सांगून संपवलं आणि ती थांबली. वेटर लिहायचा थांबून उभा राहिला. "आणि आजी, तुमचं?" आत्यानं मान खाली घातली आणि इतरांकडे पाहते तसंच स्वतःकडे पाहिलं. मग ती सावकाश म्हणाली, "मला..."

"आत्याला तेल चालत नाही," मी म्हणालो. चार माणसांत माझा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी पलीकडच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "मीठ कमी. तिखट अजिबात नको. दही आंबट असेल तर नको. भेंडी नको, कोबी नको, पनीर तर नकोच. भात गार नको." सुचेल ते मी सांगत होतो, थांबायची हिंमत होत नव्हती.

"अहो काका," वेटर काकुळतीला आला, "मग आजींना देऊ काय?"

"मऊ भात आणि वरण."

तो गेला. आत्या माझ्याकडे बघत होती. "एवढं सगळं चालत नाही मला?"

"नाही. मुळीच नाही."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर."

वरणभात आला, अगदी अळणी. आत्यानं तो सावकाश, एका शब्दाचीही तक्रार न करता, सगळा संपवला.