वामन म्हने, मी कोन?

विलायतेला कापूस हवा होता, म्हणून त्या साली अमरावतीत सरकी काढायचे रेचे दिवसभर कुरकुरत. वामनराव सावकाराच्या आवारात मजुरीवर रेचा फिरवता फिरवता, भातकुलीहून पुंजारामच्या घरी सून होऊन आलेली जमुना स्वतः रचलेलं गाणं म्हणायची: ‘बापाची मी लेक, धन्याची मी बायको, लेकराची माय, मंग मी कोन?’

शिमग्याच्या बैठकीत वामनरावांनी डफ घेतला आणि तेच गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं; तिथं त्यांनी खुशाल आपलं घातलं: ‘वामन म्हने, मंग मी कोन?’

लोकांनी वाहवा केली. जमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांमधून ती ताडकन उठली.

“वामनराव, तुमी कवा कोनाची बायको होते? तुमाले तं सारा गाव ओयखते! गानं माहं, सवाल माहा, अन् नाव कावून तुमचं?”

मागून एकानं शेजाऱ्याला विचारलं, “कोन हाये रे हे बाई?”

“पुंजारामची बायको.”

जमुना गर्रकन त्यांच्याकडे वळली. “जमुना!” ती कडाडली. “धरा डफ, वामनराव, अन् म्हना आता: जमुना म्हने!”