विहिरीत अडतीसवर थांबलेलं घड्याळ

आणि महादू, तू अजून तेच धरून बसलायस की मी चाळीस दिरहम वाचवायला गेलो म्हणून हे झालं. अरे, पण तू तेव्हा घड्याळाच्या दुकानात सांगितलंस काय? "ते घे, ते चांगलं हाय." चांगलं म्हणजे कसं, म्हणून विचारलं तर म्हणालास, "त्याच्यावर वॉटरप्रूफ लिवलंय." मी म्हटलं, "माझ्या हातातल्यावर पण वॉटर लिवलंय की." तू करमाळ्याचा, सातवी पास. मी सांगोल्याकडचा, चौथीत शाळा सोडलेली. दोघांनी घड्याळाची पाठ उजेडात धरून एकेक अक्षर लावलं. माझ्या घड्याळावर वॉटरच्या पुढं 'रेझिस्टंट' होतं. त्याचा अर्थ ना तुला ठाऊक, ना मला. मलबारी दुकानदार म्हणाला, "भाई, पानी में दोनों चलेगा." मी स्वस्तातलं घेतलं. आता मी कबूल करतो की मी चुकलो. पण तू बरोबर होतास हे मात्र मी कबूल करणार नाही, आणि का ते पुढं येईल.

इथं आखातात आपल्या खोलीचा नियम आहे, सुट्टीवरून आलेल्यानं या वहीत प्रवास लिहायचा, म्हणजे पुढं जाणाऱ्याला उपयोग होतो. म्हणून सगळं लिहितो.

मी बोटीनं गेलो. विमानाच्या निम्म्याहून कमी पैसे पडतात, पण पाच दिवस जातात. डेकवर झोपायचं असेल तर चटई आणि एक जाड चादर न्या. जेवणात डाळ-भात मिळतो, डाळ नुसती पिवळी. घरचं तिखट बरोबर असेल तर आजूबाजूचे चौघे तुमचे दोस्त होतात. मुंबईला उतरताना घड्याळ खिशात ठेवू नका, हातात घाला. माझ्या पुढच्या माणसाच्या पायमोज्यात दोन घड्याळं निघाली, त्याला बाजूला बसवलं. माझं बघून कस्टमचा साहेब म्हणाला, "हे काट्याशिवायचं कसलं रे?" मी बटण दाबून दिवा लावून दाखवला. आकडे पळताना बघून तोच खूश झाला. दोनदा दाबायला लावलं आणि म्हणाला, जा.

मुंबईत थांबलो नाही. थांबलं की पैसे गळतात. गाडीनं सकाळी सोलापूरला उतरलो. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि एका बाईकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही खाल्लं. दोन वर्षांनी ती चटणी जिभेवर पडली आणि डोळ्यात पाणी आलं. तिखटानं आलं असं मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय व्हय, समद्यास्नी तिखटानंच येतंय."

सांगोल्याची एसटी मंगळवेढ्यावरून जाणारी धरा. तिकीट साडेसहा रुपये. मंगळवेढ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढं हाडं मोजत जायचं. खिडकीतून हुरड्याला आलेली ज्वारी दिसत होती, म्हणजे पाऊस बरा झाला होता. टँकर एकही दिसला नाही. सांगोल्यातून आमची वस्ती दोन कोस. डोक्यावर ट्रंक घेऊन चाललो तर वाटेत एकानं सायकलवर ट्रंक घेतली आणि मला मागनं पळत यायला सांगितलं.

आता घड्याळ कुणासाठी ते सांगतो. माझा थोरला भाऊ मारुती, आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा विहिरीत बुड्या मारतो. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप खाली तळापर्यंत जातो आणि त्याच्या टोकाला जाळीचा लोखंडी डबा असतो, त्यात पाणी धरून ठेवणारं झाकण. आमच्याकडं त्याला फुटबॉल म्हणतात. त्याच्या जाळीत पाला, चिंधी, गाळ अडकला की मोटार नुसती गुरगुरते, पाणी ओढत नाही. मग दादाला बोलावणं येतं. दादा बुडी मारून तळाला जातो, हातानं चाचपून जाळी मोकळी करतो आणि वर येतो. त्याचे पंधरा रुपये. डाळिंबाच्या बागा वाढल्यापासून आमच्या बाजूला त्याच्याशिवाय पान हलत नाही.

त्याच्या कमरेला दोर असतो. दोराचं दुसरं टोक वर वैनीच्या हातात. आमच्याकडं याची रीत अशी की खालच्यानं बुडी मारली की वरच्यानंही श्वास घेऊन तोंड मिटायचं. वरच्याला सोसेना झालं की दोराला दोन हिसके द्यायचे. हिसका बसला की हातातलं काम टाकून खालच्यानं वर यायचं. म्हणून दोर नेहमी ज्याचा दम आखूड त्याच्याकडं द्यायचा. आधी आईकडं होता, लग्न झाल्यापासून बारा वर्षं वैनीकडं.

मी गेलो तेव्हा वैनीला खोकला होता. दादा जेवताना म्हणाला, "ही तीस मोजंस्तवरच वढती आता. काम अर्ध्यात ऱ्हातंय. एका जाळीला चार चार बुड्या."

वैनी भाकरी थापता थापता म्हणाली, "मग दुसरी करा लांब दमाची."

"लांब दमाची तोंडानं पण लांबच असती," दादा म्हणाला.

तेव्हा मी ट्रंकेतून घड्याळ काढलं. म्हटलं, दादा, हे पाण्यात चालतं. एक बटण दाबलं की शून्यापासून सेकंद मोजतं, दुसरं दाबलं की अंधारात दिवा लागतो. पन्नासाव्या सेकंदाला वर ये, म्हणजे वैनीनं दम कोंडायचं कारणच नाही. दादाला खरं वाटेना. मग मी त्याच्यासमोर घड्याळ बादलीत बुडवलं. सकाळी बुडवलेलं दुपारी जेवताना काढलं, आकडे मजेत पळत होते. सगळी वस्ती बघायला आली. दादानं ते मनगटावर बांधलं आणि दिवसभर उगाच हात वर करून बोलत राहिला. वैनी मात्र बादलीकडं बघून म्हणाली, "भावजी, बादलीत तर मी पण दिसभर बशीन."

मी हसलो. त्या वेळी ते मला चेष्टेसारखंच वाटलं.

दोन दिवसांनी शेजारच्या तात्यांच्या बागेतून बोलावणं आलं. विहिरीत चार परस पाणी, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं, आणि हिरवंगार. खाली हात दिसत नाही. दादानं कमरेला दोर बांधला. मी वैनीला म्हटलं, आज तुमी निवांत बसा, घड्याळ बघून घेईल. दोर तिनं दोन्ही हातात धरला. दादानं बुडी मारली तसा तिनं श्वास घेतला आणि तोंड मिटलं, बारा वर्षांची सवय.

तिचा दम संपला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी हातानं खूण केली, राहू दे. तिनं दुसरा श्वास घेतला आणि पुन्हा तोंड मिटलं. पाण्यावर बुडबुडे येत होते, मग येईनात. तात्या काठावरून म्हणाले, "आज लई येळ लागला की." तो दुसरा दमही संपला, आणि तिसरा अर्ध्यावर असताना वैनीनं माझ्याकडं न बघता दोन हिसके दिले, आणि थांबली नाही, सरळ दोर ओढायलाच लागली. मग मीही धरला, तात्यांनीही धरला.

दादा वर आला तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते. पायरीला धरून नुसता खोकत राहिला. बोलता यायला लागल्यावर पहिलं बोलला ते वैनीवर चिडून: "का वढलंस? अडतीसच झाल्यात की." आणि मनगट पुढं केलं.

काचेत अडतीस होते. मी बघत राहिलो. अडतीसचे एकोणचाळीस होईनात. काचेच्या आतून दव धरलं होतं.

दादा पायरीवर बसला. म्हणाला, "खाली दोनदा बटन दाबून बगितलं. दोन्ही बारीला अडतीस. छाती फुटाय लागलीती. मला वाटलं माझाच दम कमी झाला, वय झालं. आकडा म्हणत हुता टाइम हाय."

वैनीनं दोराचं वेटोळं केलं आणि म्हणाली, "त्याला कुटं दम लागतोय? मला लागतोय." त्या दिवशी ती माझ्याकडं पाठ करूनच चुलीपाशी बसली. चहा मात्र दिला.

परत येताना दादा सोलापूरपर्यंत माझ्याबरोबर आला. घड्याळ दुरुस्त होतंय का ते बघायचं होतं. नव्या पेठेत एका जिन्याखाली चाचा बसतात, डोळ्याला भिंग लावून. त्यांनी पाठ उघडली तर थेंबभर पाणी टेबलावर पडलं. "कहाँ डुबाए इसकू?" मी म्हटलं विहिरीत. "कायकू? ये क्या मछली है?"

मी पाठीवरची अक्षरं दाखवली. चाचांनी वाचली आणि हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत लिहितो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. वॉटर रेझिस्टंट म्हणजे घाम आला, हात धुतला, पावसाचे शिंतोडे उडाले तर घड्याळ टिकाव धरतं. पाण्याला अडवतं, पण किती अडवतं ते त्यात लिहिलेलं नसतं. बादलीत वीतभर पाण्याचा भार असतो, विहिरीत चार परसाचा. मी विचारलं, मग वॉटरप्रूफ घेतलं असतं तर? चाचा म्हणाले, तो शब्द मोठा आहे, पण नुसत्या शब्दावर जाऊ नकोस, किती खोल ते आकड्यात लिहिलंय का बघ. मीटर लिहिलेले नसतील तर तेही हात धुण्यापुरतंच समज. आणि लिहिलेले असले तरी एकदा पाठ उघडली किंवा आतलं रबर जुनं झालं की ते लिहिलेलं पुसल्यासारखंच.

महादू, आल्या आल्या मी तुझं घड्याळ उलटं करून बघितलं. वॉटरप्रूफ लिहिलंय. मीटर कुठंच नाहीत. तू ते घालून समुद्रात उतरतोस. आता उतरू नकोस, भांडण राहू दे बाजूला.

चाचांनी चिमट्यात एक बारीक रबराचं कडं धरलं आणि बटणाच्या दांडीवरून सरकवून दाखवलं. दादा वाकून बघत होता. म्हणाला, "ह्यो तर वायसर. आपल्या फुटबॉलात असतोय तसा." मग त्यानंच बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "दाबलं की दांडी आत जाती, वायसर हलतोय, वरनं पाण्याचा रेटा हायच. मीच आत घेतलं की पाणी, बटन दाबून दाबून."

चाचांनी भिंग काढून त्याच्याकडं बघितलं. "हौ. तुम क्या काम करते?" दादानं सांगितलं. चाचांनी त्याला स्टुलावर बसवून चहा मागवला, माझ्यासाठी नाही. घड्याळ दिव्याखाली वाळवलं, ते पुन्हा चालायला लागलं, फक्त एका आकड्याची मधली रेघ मेली, त्यामुळं आठाचं शून्य दिसतं. दोन रुपये घेतले आणि दादाला बजावलं, हे भिंतीला टांगायचं.

दादा चहा पीत होता तेव्हा मला एकदम आमच्या साइटवरची चेन-पुली आठवली. रोज मी तीच ओढतो. एक टनाचा वाल्व्ह एका हातानं वर येतो. मग फुटबॉल का नाही? दादाला म्हटलं, तू खाली जाण्यापेक्षा पाइपच वर घे की. विहिरीवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, पुली टांगायची. वर आल्यावर जाळी पण साफ होते आणि वायसर पण बदलता येतो.

दादा म्हणाला, "मग बुड्या मारणारा म्हणून मला कोण इचारंल?"

आम्ही उठलो. चौकापर्यंत चालत आलो तेव्हा तोच म्हणाला, "पाण्यातनं वायसर कवाच बदलता आला न्हाय मला. म्हणून तीच तीच मोटार म्हैन्याला बंद पडती." आणखी दहा पावलं गेल्यावर म्हणाला, "वायसर बदलला तर तीस रुपये सांगता येत्याल."

लोखंडाच्या दुकानात शिरलो. पुली सहाशे ऐंशी, घोडीच्या नळ्या एकशे दहा. दादानं साखळी ओढून बघितली, हूक बोटानं वाजवला, दुकानदाराशी असा वाद घातला जसा पैसा खिशातच आहे. पैसा नव्हता. माझ्याजवळ बोटीपुरतं उरलं होतं. दुकानदारानं महिनाभर पुली बाजूला ठेवतो म्हणून शब्द दिला. दादानंही मला शब्द दिला, तोवर बुडी मारावी लागली तर वैनीच्या दमावर, तिसाला वर.

काल घरचं पत्र आलं, दादाच्या पोरीनं लिहिलेलं. घड्याळ भाकरीच्या बुट्टीवर खिळ्याला लटकवलंय, वैनी त्यावर पोरांच्या शाळेची वेळ बघते. आठाचं शून्य सगळ्यांना कळतं. खोकला थोडा आहे. दादानं तीन विहिरी केल्या आणि दोन नाही म्हणून सोडल्या, तात्यांना सांगितलंय की पुली येतीय. खाली वैनीचा निरोप आहे, भावजींना म्हणावं दोर मी टाकून दिलेला नाही.

टाकू नका, वैनी. पुलीनं पाइप वर आल्यावरही विहिरीत पडलेली एखादी घागर काढायला कुणीतरी उतरणारच. पण रोजचं दम कोंडणं तरी संपेल. पुली, नळ्या आणि तुमच्या औषधाचे वर पंधरा धरून आज पाठवतोय: आठशे पाच रुपये.