सिंटरक्लासच्या सहीने

"सरळ सांग," ती म्हणायची आणि दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची. सूप खारट झालंय का, नवा झगा कसा दिसतोय, काहीही असो, आधी टकटक, मग "सरळ सांग". तोंडावर बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दुसऱ्याने आपल्या तोंडावर बोलावं म्हणून हट्ट धरणारं माणूस मी तरी हे एकच पाहिलं.

मी साताऱ्याहून एका सेमिस्टरपुरती एक्स्चेंजवर सिंगापूरला आले होते. होस्टेलमध्ये जागा नव्हती, म्हणून युनिव्हर्सिटीने होस्ट फॅमिली दिली. फॅमिली कसली, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी एक डच बाई! नवरा हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत होता. निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिली आणि आदल्या वर्षी तो गेला. मुलगा तिकडे नेदरलँड्समध्ये. "मला ओमा म्हण," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. ओमा म्हणजे आजी. मनातल्या मनात मी तिला आधी अहोजाहो करायचे, त्याचं अगंतुगं कधी झालं ते मलाही कळलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "सूप घेणार?" मी सवयीने म्हणाले, "नको, नको." आता ती आग्रह करील, मी थोडे आढेवेढे घेईन, मग वाडगा पुढे येईल, असं माझं गणित. तिने शांतपणे झाकण लावलं आणि पातेलं सरळ फ्रिजमध्ये! मी आईने दिलेल्या चिवड्यावर भागवलं. सकाळी हे कबूल केलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं, मग तुला भूक आहे हे मी ओळखायचं कसं?"

नोव्हेंबर सरत आला आणि तिच्या अंगात काहीतरी संचारलं. बाहेर घामाच्या धारा, आणि हिने एसी सोळावर लावला. मला नवऱ्याचा लोकरी स्वेटर दिला, तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. ओव्हनमधून दालचिनी-लवंगेच्या बारक्या बिस्किटांचा वास यायला लागला. डच लोकांचा सिंटरक्लास येणार होता. पांढऱ्या दाढीचा हा साधुपुरुष बोटीतून येतो, पांढऱ्या घोड्यावरून घरोघर फिरतो आणि मुलांनी दाराशी ठेवलेल्या बुटात खाऊ ठेवून जातो.

बुटात खाऊ! मला कसंसंच झालं. आमच्याकडे चप्पल चुकून ताटाजवळ आली तरी आई ओरडते. मी बूट साबणाने घासला, आतून कागद लावला आणि मग दाराशी ठेवला. ओमा बघतच राहिली. "घोड्यासाठी गाजर ठेव," एवढंच म्हणाली. सकाळी गाजर अर्धं खाल्लेलं आणि बुटात माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. "घोड्याला बरे माणसाचे दात आहेत," मी म्हणाले. त्यावर ती दिवसभर खूश होती.

पण एक गोष्ट मी तिला बोलले नव्हते. ओमा विसरायला लागली होती. एकदा गॅस चालू ठेवून खाली मार्केटात गेली. दुसऱ्यांदा ज्योत विझलेली, वास घरभर, आणि ती खुर्चीत पेपर वाचत बसलेली. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि गप्प बसले. आजीच्या वयाच्या बाईला कसं सांगायचं, तुझं डोकं चालत नाही म्हणून? जीभच उचलत नव्हती.

मुलगा फोनवर मला विचारायचा, "डिसेंबरात तू गेलीस की ती एकटी. राहू शकेल? खरं काय ते तूच सांगू शकतेस." त्याला तिला घेऊन जायचं होतं आणि तिला जायचं नव्हतं. "माझा नवरा इथे गेला, माझा भाजीवाला इथे आहे. मला कुठे हलवता?" मी दोघांच्या मध्ये. फोनवर म्हणायचे, "छान आहेत हो त्या," आणि विषय बदलायचे.

मग मुलगाच आला. सणाला आम्ही चौघं, शेजारची चिनी आँटी धरून. वाडग्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची आणि सोबत यमक जुळवलेली कविता. त्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. कवितेत त्या माणसाची खोड काढायची, वर्षभर जे तोंडावर बोलता आलं नाही ते सांगून टाकायचं, आणि खाली सही सिंटरक्लासची. रागावणार कुणावर?

माझ्या हाताला ओमाची चिठ्ठी लागली. उखाणे पाठ असलेली मी, यमकाला काय घाबरते? पण खोड काढायला हात धजेना. मी तिची स्तुती लिहिली.

पाच डिसेंबरची संध्याकाळ. स्वेटर घालून सगळे बसलो. आँटीला कवितेतून टोमणा मिळाला की ती लिफ्टमध्ये भेटेल त्याचा सगळा इतिहास काढते. "आयया, खरंच आहे लाह!" असं सिंगापुरी हेल काढून म्हणत तीच सगळ्यात जास्त हसली. मग ओमाने चष्मा लावून माझी कविता वाचली.

"तुझ्या हाताला चव, तुझ्या घराला माया,
तू म्हणजे परदेशातली आंब्याची छाया..."

अशी सोळा ओळींची आरती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. कागद खाली ठेवून तिने चष्मा काढला.

"असं आमच्याकडे माणूस मेल्यावर वाचतात," ती म्हणाली. "मी मेले का?"

"असं बोलू नको लाह!" आँटी दचकली.

"थांब." ओमा माझ्याकडे वळली. "जिवंत माणसात काही ना काही खोट असते. माझ्यात एकही सापडली नाही तुला? का सांगण्यासारखी नाही?"

मुलगा ताटाकडे बघत होता. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "ओमा, गॅस दोनदा चालू राहिला. दुसऱ्यांदा घरभर वास होता आणि तुम्हाला आला नाही. मी गेले आणि तुम्ही एकट्या राहिलात तर मला साताऱ्यात झोप लागणार नाही."

ओमाने दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं.

"आणखी?"

"परवा तुम्ही मला माझं नाव विचारलंत."

"मग तू सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग झालं तर," ओमा म्हणाली आणि तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात गार पडला होता. मग ती मुलाला म्हणाली, "जानेवारीचं तिकीट काढ. खिडकीजवळचं."

आता मी परत सिंगापुरात येऊन नोकरी करते, बेडोकला राहते. बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी आलंय. ओमा तिकडे मुलाच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात असते. मी तिला फोन करते, तेव्हा नर्स फोन तिच्या कानाला लावते.

काल केला होता. "तू कोण?" तिने विचारलं. मी नाव सांगितलं.

"छान नाव आहे," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.