बहिणीला न दिलेलं औषध

तिसगावहून कॉलेजात फोन आला की आम्ही हातातलं काम टाकून धावायचो. माझा मित्र आणि सहकारी डॉ. गौतम साळवे याची धाकटी बहीण शांता तिथे गावी राहायची आणि तिला फिट यायच्या. चुलीपाशी, हौदावर, कुठेही. एक दिवस वाईट बातमी येणार, हे आम्ही मनात धरूनच होतो. गेल्या महिन्यात दुपारी फोन मी उचलला. पलीकडे शांताच होती. "भाऊ, दादा गेला..." एवढंच म्हणाली.

गौतम आणि मी नगरच्या फार्मसी कॉलेजात बरोबरच शिकवायला लागलो. वर्गात तो प्लॅस्टिकच्या रंगीत गोळ्या काड्यांनी जोडून रेणू उभा करायचा, मग त्यातली एक गोळी काढून विचारायचा, "आता हा मेंदूपर्यंत पोचेल का?" पीएच.डी.नंतर त्याला मोठ्या शहरांतून बोलावणी आली, पण शनिवारची तिसगावची एसटी त्याला सोडवेना. बाजारातलं कुठलंच औषध शांताला लागू पडत नव्हतं. तेव्हा आपणच नवा रेणू बांधायचा, असं त्याने मनावर घेतलं.

वर्षं गेली. शेवटी एका रेणूने उंदरांच्या फिट थांबल्या. एका कंपनीची माणसं येऊन गेली, कॉलेजात पेढे वाटले गेले. शांताच्या कानावर ते गेलं आणि ती थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"उंदराला देतोस, मग मला का न्हाई? दोनदा भाजले मी, दादा. आनखी काय वाईट व्हायचंय?"

"थोडं थांब, शांते."

"अजून किती थांबू?"

गौतमने बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. औषध दिलं नाही. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

पावसाळा सरता सरता उंदरांनी खाणं सोडलं. एकेक पिंजरा निपचित पडत गेला. गौतमने मला बोलावून ट्रेमधली यकृतं दाखवली... काळपट, खरबरीत. "हे तिच्या पोटात झालं असतं," तो म्हणाला आणि त्याने ट्रे झाकला. मात्रा कमी करून बघू, असं वरिष्ठ सुचवत होते. त्याने कंपनीला स्वतःहून सगळं कळवलं आणि काम थांबवलं. त्याला मिळणार असलेली प्रोफेसरची जागा पुढे दुसऱ्याला मिळाली.

त्याने लगेच दुसरा रेणू धरला. प्रयोगशाळेतला हवा बाहेर टाकणारा पंखा सारखा बंद पडायचा. रसायनांचा गोडसर वास त्याच्या शर्टालाच नाही, डब्यातल्या भाकरीलाही यायचा. यंदा उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे दिसले. "तपासून घे," मी म्हणालो. "एवढं हातातलं होऊ दे," तो म्हणाला. दवाखान्यात नेलं तेव्हा यकृत निकामी झालं होतं. शेवटचे दिवस तो तिसगावला घरीच होता. कशाने, ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. मला मात्र तो ट्रे डोळ्यांसमोरून हलत नाही...

परवा तिसगावला गेलो. घरातल्या दाराच्या चौकटी, ओट्याचा कोपरा, कपाटाच्या कडा, सगळ्याला गोधडीच्या जाड पट्ट्या शिवून बसवलेल्या. "दादानं केल्यात, दर शनवारी," शांता सांगू लागली आणि बोलता बोलता तिची नजर थिजली. मी उठेपर्यंत ती कोसळली. डोकं चौकटीवर आपटलं, पण त्या पट्टीवर. बऱ्याच वेळाने ती उठून बसली, पाणी प्याली. पट्टीची उसवलेली शिवण तिने बोटांनी चाचपली.

"भाऊ, त्या फळीवरची सुई द्या," ती म्हणाली. "आता मलाच शिवाया लागंल."