शिवराजला आणायचं ट्यूटोरियल

एका कॉम्प्युटरसमोर दोन-तीन मास्तर रोज बसले की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या कलबुर्गीच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये तर एवढे साठलेत की मित्र भेटले की थेट फर्माईशच करतात, "दिग्या, तो जीपवाला सांग!" मी सांगतो, ते हसतात, चहा होतो. पण हे सगळे उद्योग आम्ही कशासाठी केले, ते दरवेळी सांगायचं राहून जातं. म्हणून आज तेच आधी सांगतो.

शिवराज माझा वर्गमित्र. तो कोहिनूर गावचा, मी औरादचा, दोघंही बिदरकडचे. शिकताना एक खोली, एक स्टोव्ह आणि मुलाखतीला जायची एकच पँट! आता तो अमेरिकेत असतो, यंत्राकडून भाषांतर करून घेणारे प्रोग्रॅम लिहितो. कित्येक वर्षांत गावाकडं आलेला नाही. रविवारी त्याचा फोन यायचा आणि फोन ठेवला की मला दिवसभर करमायचं नाही.

एकदा तो म्हणाला, "आईला बघायला जातो म्हणलं की कंपनी तोंड फिरवती बघ. कॉन्फरन्समधी शिकवायला जायलाव म्हणलं की तिकीट सुदा देती!"

यंत्र-भाषांतराची मोठी कॉन्फरन्स त्या हिवाळ्यात हैदराबादला भरणार होती. कोहिनूरहून सकाळी निघालं की दुपारी हैदराबाद!

मी धावत विभागप्रमुखांकडे गेलो. महानंदा मॅडम, मुडबीच्या. सगळं कॉलेज त्यांना अक्का म्हणतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगं घरी येत आसंल तर म्या काय बी शिकवायला तयार हाय. विषय सांग!"

*

अशा कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे वर्ग असतात. त्यांना ट्यूटोरियल म्हणतात. पण कुणीही उठून शिकवायला लागावं, असं नसतं. काय शिकवणार, कोण शिकवणार, हे आधी कळवायचं आणि तिकडच्या समितीनं होकार द्यायचा.

आमचा विषय ठरला. एकाच माणसाच्या तोंडी मराठी, कन्नड, दखनी उर्दू सगळंच असतं, तिथं यंत्राला शिकवण्यासाठी घरचं बोलणं गोळा कसं करायचं? विषय खरा होता, कामाचा होता. पण मनातलं विचाराल तर मला फक्त शिवराज हवा होता.

समितीची एक अट वाचून मात्र माझं धाबं दणाणलं. शिकवणारे वेगवेगळ्या ठिकाणचे असावेत म्हणे, आणि आम्ही तिघंही मूळचे एकाच भागातले!

अक्का जराही डगमगल्या नाहीत. "औराद, मुडबी, कोहिनूर! एकाकडनं दुसरीकडं जायला बस बदलावी लागती. आजून किती येगळं पायजे त्यास्नी?"

*

आता तो जीपवाला.

नमुन्यादाखल थोडं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं, म्हणून मुडबीला अक्कांच्या चुलत्यांकडे गेलो. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. रेकॉर्डिंगचं सामान सांभाळायला बरोबर धारवाडचे हिरेमठ सर. आमच्याकडची रीत अशी की समोरचा ज्या भाषेचा, त्या भाषेत बोलायचं. पाहुण्याला कळणार नाही असं त्याच्यादेखत बोलणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं! अप्पांनी हिरेमठ सरांना बघितलं आणि कन्नड सुरू केलं.

"अप्पा, घरचं बोला की."

"कामून? पाव्हण्याला कळायला नगं व्हय?"

शेवटी सरांना विनंती करून बाहेर जीपमध्ये बसवलं. माईक पुन्हा लावला. अप्पांनी घसा खाकरला आणि जीपपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुन्हा कन्नडच! वर मलाच दटावलं, "त्ये बिचारं तिथं एकलंच बसलंय!"

*

शिवराजची आई म्हणजे आमच्या काकू. ट्यूटोरियल म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते पास झालं की पोरगा येणार, एवढं पक्कं ठाऊक होतं. बाजारच्या दिवशी फोन ठरलेला. "दिगंबर, झालं का रे पास?"

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शिवराजनं बनवलेला प्रोग्रॅम त्यांना दाखवला. मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, यंत्रानं त्याचं मराठी करून बायकी आवाजात वाचून दाखवलं. "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?" अगदी पुस्तकी!

काकूंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. मोबाईलकडं बघत, एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाल्या, "बरी आहे. आपण चहा घेणार काय?"

मी हसून लोळायचा बाकी होतो. काकू मात्र मलाच रागावल्या, "त्यांच्यावानी बोलायला नगं का? आन् माझ्या लेकानं केल्यालं हाय त्ये!" मग किती तरी वेळ मोबाईल हातात घेऊन बसल्या. मलाही पुढं हसू येईना.

*

समितीतल्या एका परीक्षकाचा प्रश्न आला. "तुम्ही ज्या भाषेबद्दल शिकवणार, ती नेमकी कोणती?"

मी नकाशा काढून बसलो. बिदर इकडं, उदगीर तिकडं, तेलंगण तिकडं. अक्कांनी चष्म्यावरून बघितलं.

"त्यास्नी इचार, सकाळी घरात बोलतो ती का बाजारातली?"

मी तेच जरा सभ्य इंग्रजीत लिहून पाठवलं. आणि सांगतो, त्याच उत्तरावर आमचं ट्यूटोरियल पास झालं!

*

त्या दिवशी लॅबमध्ये पेढे आले. काकूंनी कोहिनूरच्या घराला रंग द्यायला घेतला. मी शिवराजसाठी गादी भरून घेतली, उगाचच. आणि कॉन्फरन्स तोंडावर आली असताना त्याचा फोन आला. व्हिसाचं काहीतरी अडलं होतं. एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. त्याचा भाग तो तिथूनच पडद्यावर शिकवणार होता.

हे काकूंना फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून कोहिनूरला गेलो. त्यांनी ऐकलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "पडदा केवढा आस्तोय?"

"भिंतीएवढा, काकू."

"मंग म्या येते की."

*

हैदराबादचा तो हॉल गच्च भरला होता. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतलं इरकल नेसून. अक्का शिकवून बसल्या, मी शिकवलं, मग भिंतीवर शिवराज आला. केस पिकले होते त्याचे. फोनवर केस दिसत नाहीत. तो झकास इंग्रजीत बोलत राहिला, लोक मान डोलावत राहिले. पहिल्या रांगेत काळोख असल्यानं त्याला तिकडून कोण बसलंय ते दिसत नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न?

काकूंनी हात वर केला!

मी माईक नेऊन त्यांच्या हातात दिला. दिवे लावले गेले. शिवराजला आई दिसली. काकू उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, भिंतीकडं बघितलं. सगळा हॉल वाट बघतोय. अध्यक्षबाई हसून मान हलवतायत, विचारा, विचारा.

काकू माझ्याकडं वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "येवढा येळ त्यो त्येच्या भाषेत बोलायलाय. मला ती येत न्हाई रे. तू इचार की त्याला, आपल्या घरचं बोललं तर चालंल का?"

माईक चालू होता.